क्रिएटिनिन उतरलं, पण बाबांचं घड्याळ सैल झालं

पत्र

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, 61 वर्षांचे आहेत. उंची 165 सेंटीमीटर. 5 वर्षांपासून आठवड्यातून दोनदा, दर वेळी 4 तास डायलिसिस चालू आहे. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली नस) डाव्या हाताला आहे, लघवी जवळजवळ बंद आहे. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर डायलिसिसच्या शेवटी ठेवायचं वजन, 14 महिन्यांपासून 58 किलोच आहे, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. पण वर्षभरात उजव्या हातातल्या घड्याळाच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. कवळी सैल झाली, कानशिलं आत गेली. जिना चढताना मध्येच बसतात. रात्री दोन उशा लागतात, सपाट झोपले की खोकला येतो. डायलिसिसनंतरही बीपी 160/90 असतं. रिपोर्ट मात्र सुधारलेत. क्रिएटिनिन वर्षात 10.6 वरून 7.2 वर आलं, फॉस्फरस 5.8 वरून 2.9 वर. पोटॅशियम 4.1, युरिया डायलिसिसआधी 84 आणि नंतर 25, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 3.4, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) 205. नातेवाईक म्हणतात, किडनी सुधारतेय.

डायलिसिस सुरू व्हायच्या आधी मिळालेला पथ्याचा कागद मी अजून पाळते. डाळ, अंडी, मासे बंद. भाज्या दोनदा उकळून पाणी टाकते. फॉस्फरसची गोळी तिन्ही वेळा चालू आहे. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, चारला चहा, रात्री एक ज्वारीची भाकरी आणि भाजी, झोपताना अर्धा कप दूध. डायलिसिसच्या दिवशी सकाळी 6 ला निघतात, दुपारी 1 ला येतात आणि न जेवताच झोपतात. शेजारचा मुलगा जिमला जातो, तो त्याच्याकडचा प्रोटीन पावडरचा डबा देतो म्हणतो. सुरू करू का?

— एक सून, कऱ्हाड

उत्तर

ताई, पावडरच्या आधी त्या दोन उशांचं बघू. सपाट झोपल्यावर येणारा खोकला आणि डायलिसिसनंतरही न उतरणारं 160/90 बीपी यांचा पहिला अर्थ अंगात पाणी साठलंय असाच धरायचा. पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका. आजच युनिटला फोन करून हे दोन्ही सांगा आणि जादा डायलिसिस लागेल का ते विचारा. बसल्या जागी दम लागला किंवा फेसाळ थुंकी पडली तर फोनही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रात बाबांबद्दल सगळ्यात खरं बोलतो तो घड्याळाचा पट्टा. वजनकाटा एकच आकडा देतो. त्यात मांस किती आणि पाणी किती, हे तो सांगत नाही. ज्याची लघवी चालू असते त्याचं मांस झडलं की वजन उतरतं आणि घरच्यांना कळतं. डायलिसिसच्या माणसाचं तसं होत नाही. डायलिसिसनंतर काटा 58 वर आणायचा असं ठरलेलं असतं, मशीन तेवढंच पाणी काढतं. अंगातलं 3 किलो मांस आणि चरबी गेली असेल तर 58 किलो भरायला 3 लिटर पाणी आत राहून जातं. काटा खूश, तुम्ही निश्चिंत, आणि ते पाणी रात्री छातीत चढतं. म्हणून 14 महिने एकाच आकड्यावर थांबलेलं ड्राय वेट ही खुशीची बाब नाही. ते दर महिन्याला नव्याने तपासायचं असतं.

तुम्हाला सुधारलेले वाटणारे बाकीचे आकडेही असेच वाचायला हवेत. क्रिएटिनिन बहुतांशी स्नायूंतून तयार होतं. किडनी खरंच सुधारली असती तर लघवी वाढली असती, तशी ती वाढलेली नाही. डायलिसिसचे तास किंवा दिवसही वाढलेले नाहीत. मग क्रिएटिनिन एक तृतीयांशाने उतरलं, कारण ते तयार करणारे स्नायूच कमी झाले. डायलिसिस घेणाऱ्या आणि लघवी नसलेल्या माणसाचं क्रिएटिनिन हळूहळू उतरत गेलं तर आम्ही आधी दंड आणि मांड्या बघतो. फॉस्फरस मुख्यतः प्रथिनांच्या पदार्थांतून येतो. पोटात प्रथिनं नाहीत आणि वर तीनदा गोळी, म्हणून 2.9. युरियाचंही तेच. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस, लघवी नाही, आणि तरी आधीचा युरिया फक्त 84 असेल तर खाण्यातच प्रथिनं नाहीत. 84 चा 25 झाला म्हणजे 70 टक्के युरिया निघाला. किमान 65 टक्के हवा, त्यामुळे कागदावर डायलिसिस छान दिसतं. पण ती रेघ आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी आखलेली आहे. शिवाय शरीर लहान होत गेलं की तेवढ्याच वेळात टक्केवारी आपोआप चांगली दिसते.

बाबा किती खातात ते तुम्ही लिहिलेल्या ताटावरून मोजू. दोन पोळ्यांतून 6 ग्रॅम प्रथिनं, भातातून 2, एका भाकरीतून 4 ते 5, दोन वेळच्या भाजीतून 4, दूध आणि दोन चहांतून मिळून 6, बिस्किटांतून 1. फार तर 25 ग्रॅम होतात. नियमित डायलिसिस घेणाऱ्या माणसाला रोज दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, म्हणजे बाबांना 58 ते 70 ग्रॅम. त्यांना निम्मीही मिळत नाहीत. उष्मांक दर किलोमागे 25 ते 35 म्हणजे निदान 1450 हवेत, ते 900-950 च्या आसपास आहेत. वरून प्रत्येक डायलिसिसमध्ये 6 ते 8 ग्रॅम अमिनो आम्लं, कधी त्याहून जास्त, डायलायझरमधून, म्हणजे मशीनच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून, वाहून जातात. उष्मांक कमी पडले की खाल्लेली थोडीफार प्रथिनंही शरीर सरपणासारखी जाळतं.

याचं मूळ त्या जुन्या कागदात आहे. डायलिसिसच्या आधी किडनीवरचा भार कमी करायला प्रथिनं मुद्दाम कमी करतात. पहिलं डायलिसिस झालं त्या दिवशी तो कागद बाद झाला. पण नवा कागद हातात कोणी देत नाही आणि घरातली माणसं जुनाच निष्ठेने पाळत राहतात. यात तुमची चूक नाही. तुम्ही सांगितलं तेवढं काटेकोर केलंत, दोनदा भाज्या उकळण्याइतकं. हा प्रकार घरोघरी दिसतो आणि दर वेळी जीव हळहळतो.

कुपोषण ठरवायचं कसं, हे नीट समजून घ्या, कारण कुठलीही एक तपासणी ते एकटी सांगू शकत नाही. 2008 साली या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने चार कप्पे ठरवले: रक्त, वजन आणि चरबी, स्नायू, आणि खाणं. चारपैकी तीन कप्प्यांत प्रत्येकी निदान एक खूण सापडली तर शरीरातली प्रथिनं आणि ऊर्जा झिजतेय असं म्हणायचं. बाबांचं अल्ब्युमिन 3.4 आहे, रेघ 3.8 ची. बीएमआय 21.3 आहे, रेघ 23 ची (आपल्याकडच्या शरीरयष्टीला ती जरा उंच पडते, हे खरं). खाण्याची रेघ दर किलोमागे 0.8 ग्रॅम प्रथिनं, तेही सलग दोन महिने त्याखाली असेल तर. बाबा 0.43 वर आहेत आणि बरेच महिने आहेत. स्नायूंचा कप्पा न मोजताच तीन भरले.

तरीही स्नायू मोजाच, कारण पुढच्या सहा महिन्यांत सुधारणा होतेय की नाही हे तिथेच आधी दिसेल. एक भाग घरी होतो. शिवणकामाची टेप घ्या, सेंटीमीटरची बाजू वापरा. मोजायचा हात कायम उजवा, फिस्टुलाचा हात कधीच नाही. वेळ डायलिसिस संपल्यावर अर्ध्या तासाने, कारण तेव्हा अंगात पाणी सगळ्यात कमी असतं. कोपर काटकोनात वाकवायला सांगा. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने चाचपा, तिथपासून कोपराच्या टोकापर्यंत मागच्या बाजूने अंतर मोजा आणि मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल सोडायला सांगा आणि त्या खुणेवरून दंडाभोवती टेप फिरवा. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. मिलिमीटरपर्यंत वाचा, तीनदा मोजा, सरासरी वहीत लिहा. खांद्यापासून खूण किती सेंटीमीटरवर होती तेही लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या महिन्यात टेप दोन बोटं खाली जाते आणि आकडा उगाच बदलतो.

टेपच्या आकड्यात चरबी आणि स्नायू दोन्ही असतात. ते वेगळे करायला आहारतज्ज्ञ दंडाच्या मागच्या बाजूची कातडीची घडी कॅलिपरने मोजतात. घडी सेंटीमीटरमध्ये घेऊन तिला 3.14 ने गुणायचं आणि दंडाच्या घेरातून वजा करायचं. समजा घेर 24 सेंटीमीटर आणि घडी 10 मिलिमीटर भरली, तर 24 वजा 3.14, म्हणजे स्नायूंचा घेर 20.9. तोच घेर 24 राहिला पण घडी 14 मिलिमीटर झाली तर स्नायूंचा घेर 19.6. टेप तीच, मांस मात्र गेलं. तीन महिन्यांत 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के स्नायू कमी होणं ही गंभीर खूण आहे.

हाताने बघण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कानशिलं तुम्ही पाहिलीतच. बाबांना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी घट्ट दाबून धरायला सांगा आणि दोन्हींच्या मधल्या फुगवट्यावर बोट ठेवा. तिथे टणक गोळी लागायला हवी. सपाट लागलं किंवा खळगा पडला तर स्नायू झिजलाय. गळ्याखालची हाडं, खांद्याचा कोन, गुडघ्याच्या वरची मांडी बघा. चरबीसाठी डोळ्यांखालची पोकळी आणि दंडाची चिमूट. पोटरीवर मात्र विसंबू नका, पायाला सूज असेल तर ती गुटगुटीत दिसते. पाहणी दर वेळी त्याच माणसाने केली तर फरक खरा कळतो.

ताकद स्नायूंच्याही आधी उतरते. युनिटमध्ये मूठ दाबून मोजायचं यंत्र असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधी उजव्या हाताने तीनदा दाबायला लावून सगळ्यात मोठा आकडा घ्यायला सांगा. आशियाई माणसांसाठी पुरुषांना 28 किलोच्या खाली आणि स्त्रियांना 18 किलोच्या खाली कमी ताकद धरतात. यंत्र नसेल तर घरी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, हात छातीवर बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठबस करायला लावा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांत जोर कमी आहे. दम लागत असताना हे करू नका, आधी पाणी उतरू दे. करताना कुणीतरी शेजारी उभं राहा.

हे सगळं एकत्र बांधणाऱ्या दोन पद्धती डायलिसिस युनिटमध्ये वापरतात. एका पद्धतीत वजन, खाणं, पोटाच्या तक्रारी, हालचाल आणि अंगाची पाहणी यांवरून 7 पैकी गुण देतात, 7 म्हणजे उत्तम. दुसरी 2001 सालची, कुपोषण आणि दाह यांची एकत्र गुणपत्रिका. तिच्यात 10 मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, बेरीज 30 पर्यंत, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. बाबांचं अल्ब्युमिन 3.0 ते 3.4 च्या पट्ट्यात येतं, 2 गुण. टीआयबीसी 200 ते 249 मध्ये, 1 गुण. डायलिसिसला 4 वर्षांहून जास्त झाली, 2 गुण. बीएमआय 20 च्या वर, 0. आणि वजन? कागदावर ड्राय वेट हललंच नाही, म्हणून 0. हाच सापळा. पाणी काढल्यावर खरं वजन 55 निघालं तर 3 किलो म्हणजे 5 टक्क्यांहून जास्त घट, आणि त्याच रकान्यात 3 गुण पडतात. म्हणून आधी ड्राय वेट दुरुस्त करायचं आणि मग गुणपत्रिका भरायची. उलट क्रमाने केलं तर आजारी माणूस बरा दिसतो. खाणं, पोट, हालचाल, चरबी आणि स्नायूंचे गुण समोर बसवून, हात लावूनच द्यायचे असतात. ते पत्रावरून देणं बरोबर नाही.

अल्ब्युमिनबद्दल एक गैरसमज दूर करू. ते कमी म्हणजे माणूस उपाशीच, असं नाही. अंगात पाणी जास्त असलं की ते पातळ होऊन कमी दिसतं. आणि शरीरात कुठे दाह किंवा जंतुसंसर्ग धुमसत असला तर यकृत ते बनवणंच कमी करतं. मग कितीही अंडी खाऊ घाला, आकडा हलत नाही आणि भूकही लागत नाही. म्हणून अल्ब्युमिनसोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, मागा. सीआरपी वाढलेलं निघालं तर शोध घ्यावा लागतो: सैल कवळीखाली हिरड्यांना जखम आहे का, पायाला न भरणारी जखम आहे का, मानेत कॅथेटर आहे का. संध्याकाळी अंग कोमट होतं का, तेही बघा. आपल्याकडे डायलिसिसच्या रुग्णांत क्षयरोग फुप्फुसाबाहेरही दडून बसतो आणि अन्नावरची वासना उडणं हीच कधी कधी त्याची पहिली खूण असते. डायलायझर ब्लीचने धुऊन पुन्हा वापरत असतील तर काही डायलायझरमधून अल्ब्युमिनही झिरपतं. तो कितव्यांदा वापरतायत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. रक्त दर वेळी त्याच लॅबमध्ये, डायलिसिस सुरू होण्याआधी, सुईतून सलाईन जायच्या आत घेतलेलं हवं. पद्धत बदलली की अल्ब्युमिनचा आकडा बदलतो आणि घरी नुसता गोंधळ उडतो.

आणखी एक तपासणी बायकार्बोनेटची, म्हणजे रक्तातलं आम्ल शमवणाऱ्या क्षाराची. डायलिसिसआधी ते 22 च्या खाली असेल तर रक्तातलं आम्ल स्नायू तोडत राहतं. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस असणाऱ्यांत हे सहज होतं, आणि उपाय डॉक्टरांच्या हातात असतो.

खाल्लेल्या प्रथिनांचा अंदाज रक्तावरूनही घेता येतो. एका डायलिसिसच्या शेवटी युरिया किती होता आणि पुढच्याच्या सुरुवातीला किती चढला, यावरून हिशोब निघतो. पण संसर्गात शरीर स्वतःचं मांस तोडतं तेव्हाही युरिया चढतो आणि माणूस जेवतोय असं वाटतं. म्हणून तो आकडा खाण्याच्या नोंदीशी ताडूनच बघायचा. नोंद तीन दिवसांची ठेवा: एक डायलिसिसचा दिवस, एक साधा, एक सुट्टीचा. वाटी-चमच्याच्या मापाने, आणि ताटात वाढलं ते नाही, पोटात गेलं ते लिहा. ताटात उरलेली अर्धी पोळीही वजा करा. संकष्टी-एकादशीला बाबा उपास करत असतील तर तोही दिवस लिहा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात.

आता ताट. एकदम वाढवू नका, दोन आठवड्यांत चढवत न्या. बरेच महिने कमी खाल्लेल्या माणसाला अचानक भरपूर दिलं तर रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन खाली येतात, आणि बाबांचा फॉस्फरस आधीच 2.9 आहे. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत या दोन्हींची तपासणी डॉक्टरांकडून मागून घ्या. पहिल्या आठवड्यात सकाळी एक पूर्ण अंडं आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग, 13 ग्रॅम. दुपारी 30 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, 7 ग्रॅम. पातळ आमटी नको, ती पाण्याच्या हिशोबात जाते. दुसऱ्या आठवड्यात दुपारी 100 ग्रॅम दही, 3 ग्रॅम, आणि रात्री 50 ग्रॅम पनीर, 9 ग्रॅम. किंवा पनीरच्या जागी साफ केलेलं 75 ग्रॅम चिकन नाहीतर मासे, 14-15 ग्रॅम. पनीरच्या दिवशी 57 होतात, मासे-चिकनच्या दिवशी 60 च्या थोडं वर. वर तीन छोटे चमचे तेल-तूप जादा आणि एक पोळी वाढवलीत की उष्मांकही 1450 ओलांडतात. मीठ वाढवू नका, मिठाने तहान लागते. लोणचं आणि पापड तसेच बंद.

पोटॅशियम 4.1 असताना भाज्यांचं दोनदा उकळणं बंद करायला हरकत नसावी. त्याने चव जाते आणि चव गेली की भूक जाते. बटाटा, पालक यांसारख्या भाज्या तेवढ्या एकदा उकळून घ्या आणि पुढच्या दोन रिपोर्टांवर डॉक्टरांशी बोलून ठरवा. फॉस्फरसच्या गोळीबद्दल तर याच आठवड्यात विचारा. फॉस्फरस 2.9 असताना ती तीनदा हवी आहे का, आणि बिस्किट-चहासोबत घेतलेल्या गोळीचा उपयोग काय, हा प्रश्न साधा आहे पण तो कुणीतरी विचारावा लागतो. गोळी परस्पर बंद मात्र करू नका.

डायलिसिसचा दिवस सगळ्यात अवघड, कारण आठवड्यातले दोन दिवस बाबा जवळजवळ उपाशी असतात. निघण्याआधी साडेपाचला थालीपीठ-दही किंवा उपमा आणि अंडं. युनिट परवानगी देत असेल आणि मशीनवर बीपी पडत नसेल तर पहिल्या तासात छोटा डबा, दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि एक पोळी. बीपी पडत असेल तर मशीनवर खाणं नको, कारण जेवल्यावर रक्त पोटाकडे ओढलं जातं. एकला घरी आल्यावर झोपण्याआधी वरणभात समोर ठेवा. दमलेला माणूस उठून मागणार नाही.

पावडर शेवटची. जिमचा डबा नको. त्यात फॉस्फरस किती ते बहुतेक लिहिलेलं नसतं, आणि क्रिएटिन मिसळलेलं असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन चढून आपलं मोजमापच बिघडतं. किडनीच्या रुग्णांसाठीचे डबेही दोन जातींचे असतात, एक डायलिसिसआधीचा कमी प्रथिनांचा आणि एक डायलिसिसवरचा जास्त प्रथिनांचा. दुकानात दोन्ही शेजारी मांडलेले असतात आणि चुकीचा हातात पडतो. डब्यावर डायलिसिस हा शब्द आहे का ते वाचा आणि एका मापात किती ग्रॅम प्रथिनं येतात ते बघा. ताट सुधारूनही तीन आठवड्यांत रोजची एकूण प्रथिनं 50 ग्रॅमच्या पुढे जात नसतील तर आहारतज्ज्ञांना विचारून सुरू करा. जेवणानंतर तासाभराने किंवा झोपताना, 100 मिलिलिटरमध्ये, जेवणाच्या जागी नाही. निदान तीन महिने दिल्याशिवाय उपयोग झाला की नाही ते ठरवू नका. तोंडाने जमतच नसेल तर नळीने अन्न किंवा डायलिसिसच्या वेळी शिरेतून पोषण असे पुढचे मार्ग आहेत. बाबांची वेळ अजून तिथवर आलेली नाही.

ड्राय वेट उतरवण्याचं काम डॉक्टरांचं. ते दर डायलिसिसला 200 ते 500 ग्रॅम असं हळूहळू उतरवतात. घाई केली तर पायात गोळे येतात आणि बीपी पडतं. बाबांच्या वजनाला 4 तासांत साधारण 3 लिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये. त्याहून जास्त काढायची वेळ वारंवार येत असेल तर तिसरं डायलिसिस किंवा जास्त तास, हा विषय काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. बाबांचं डायलिसिस योजनेतून होत असेल तर वाढीव पाळ्यांची मंजुरी कशी मिळते ते युनिटमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

दोन-तीन महिन्यांनी युरिया, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन थोडे वर गेलेले दिसतील. घरात कुणीतरी घाबरून जुना कागद पुन्हा बाहेर काढेल. तो काढू देऊ नका. बाबा जेवताहेत म्हणून ते आकडे चढलेत. फॉस्फरस 5.5 च्या पुढे किंवा पोटॅशियम साडेपाचच्या पुढे गेलं तर गोळी आणि डायलिसिस वाढवायचं, अन्न कमी करायचं नाही. दंडाचा घेर महिन्याला दोन-तीन मिलिमीटर वाढत असेल, पायाला सूज नसेल आणि मशीनवर शेवटच्या तासाला गोळे येऊ लागले असतील, तर अंगावर मांस चढतंय आणि मशीन गरजेचं पाणीही ओढून घेतंय. त्या दिवशी वही घेऊन जा आणि ड्राय वेट अर्धा किलो वाढवायचं का, ते डॉक्टरांना विचारा.